सुशी खाऊन वजन कमी होतं का?

"मॅडम, डाएटवर सुशी चालेल ना?" हा प्रश्न काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात कोणी विचारला नसता. आता महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, आणि विचारणाऱ्याने "चालेल" हे उत्तर बहुतेक वेळा गृहीतच धरलेलं असतं. जपानी लोक सडपातळ असतात, सुशी जपानी आहे, तेलकट दिसत नाही, आत काकडी आणि वर मासा. मग वजन वाढेलच कशाने?

उत्तर आधीच देऊन टाकते: चालते. पण कोणती सुशी आणि किती, यावर सगळं अवलंबून आहे. माझे पुण्यातले पेशंट जी मागवतात, ती बहुतेक वेळा वजन कमी करणाऱ्यांसाठी नसते.

सुशी म्हणजे कच्चा मासा, असा आपल्याकडे समज आहे. कच्च्या माशाच्या नुसत्या कापांना साशिमी म्हणतात, त्यात भात नसतो. सुशी हा शब्द आंबट चवीवरून आला आहे आणि तिच्यात अत्यावश्यक गोष्ट एकच, ती म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला चिकट भात. मासा नसला तरी सुशी होते. भात नसेल तर होत नाही. गंमत म्हणजे सुरुवातीला हे नेमकं उलटं होतं. मासा टिकवण्यासाठी तो मिठात मुरवून भातात दाबून महिनोन्‌महिने ठेवत. भात आंबायचा, त्यामुळे मासा टिकायचा, आणि खाताना मासा खाऊन भात टाकून देत. जपानमधल्या बिवा सरोवराच्या परिसरात फुनाझुशी अजूनही अशीच मुरवतात. आज आपण ओळखतो ती, भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवलेली निगिरी सुशी, १८२०च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, लोकप्रिय झाली. हानाया योहेई या विक्रेत्याला तिचं श्रेय देतात. रस्त्यावर उभ्या उभ्या, घाईत खायची वस्तू होती ती, आपल्या वडापावासारखी. "हेल्थ फूड" म्हणून तिचा जन्म झालेला नाही.

हे सगळं सांगायचं कारण एक पेशंट. वय २९, आयटीत नोकरी, लग्नाला तीन वर्षं झालेली. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७१ किलो, म्हणजे बीएमआय २८च्या वर (आपल्या भारतीयांसाठी २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात). पीसीओडीमुळे पाळी दोन-दोन महिने लांबायची. एचबीए१सी ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मूल हवं होतं, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी आधी वजन थोडं उतरवायला सांगितलं होतं. सहा महिने ती मनापासून प्रयत्न करत होती आणि काटा जागचा हलत नव्हता. "माझं शरीरच असं आहे" असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. पुढचं पाऊल म्हणून तिने इंटरनेटवरून एक महागडी पावडर मागवायचं ठरवलं होतं.

सोबत आई आली होती. ती म्हणाली, "डॉक्टर, हिने भात पूर्ण बंद केलाय हो. पोळीही सोडली. अजून काय बंद करायचं?"

मी तिला आठवड्याभराचं सगळं खाणं लिहून आणायला सांगितलं. यादीत सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्री ऑफिसच्या मंडळींबरोबर "सुशी, २ प्लेट" असं लिहिलेलं होतं. शाकाहारी असल्यामुळे एक प्लेट क्रीम चीज आणि ॲव्होकॅडोची, दुसरी "क्रंची व्हेज टेम्पुरा", वर स्पायसी मेयो. त्या तिन्ही दिवशी दुपारचं जेवण नाही. रात्री सुशी आहे ना, म्हणून.

आपण तिघी बसून हिशोब करू, असं मी म्हटलं. तोच हिशोब तुम्हालाही उपयोगी पडेल.

निगिरीच्या एका तुकड्यात साधारण १५ ते २० ग्रॅम शिजलेला भात असतो. रोलचा हिशोब वेगळा. परदेशात आणि आपल्याकडे सर्रास मिळतो तो रोल म्हणजे उरामाकी. यात समुद्री शेवाळाची पापडी, म्हणजे नोरी, आत असते आणि भात बाहेरून. त्यामुळे भात जास्त लागतो. आठ तुकड्यांच्या एका प्लेटमध्ये १०० ते १५० ग्रॅम भात सहज जातो. आमटीच्या वाटीने मोजला तर वाटीभर किंवा त्याहून थोडा जास्त, तोही दाबून भरलेला. दोन प्लेट म्हणजे दोन ते अडीच वाट्या. शिवाय हा भात गोडसर असतो, कारण व्हिनेगरबरोबर त्यात साखर घालतात. वाटीभर तांदळाला चमचाभर तरी.

"म्हणजे आंबट भातच की हा," आई म्हणाली. टेम्पुरा म्हणजे काय, ते मी सांगितलं, भाजी पिठात बुडवून तळतात. तेव्हा ती लेकीकडे वळून म्हणाली, "अगं, म्हणजे भातात भजं!"

याहून चांगलं वर्णन मला सुचलेलं नाही. घरी सहा महिने भात बंद होता आणि बाहेर आठवड्यातून तीनदा अडीच वाट्या चालू होता. वर मेयोनीज, त्याच्या एका मोठ्या चमच्यात ९०-१०० कॅलरी. क्रीम चीज वेगळं. दोन प्लेटचा आकडा ८०० ते ९००च्या घरात गेला. घरचं साधं जेवण, दोन पोळ्या, भाजी, वाटीभर आमटी, कोशिंबीर, साडेचारशे-पाचशेत बसतं.

कॅलरींपेक्षा मला काळजी वाटली ती प्रथिनांची. एवढं खाऊन तिला त्यातून जेमतेम दहा-पंधरा ग्रॅम प्रथिनं मिळत होती. पोट भरल्याची भावना टिकवायला प्रथिनं आणि चोथा लागतो. पांढरा मऊ भात लवकर पचतो, रक्तातली साखर भराभर वाढते, इन्सुलिन वाढतं, आणि अकरा वाजता पुन्हा काहीतरी खावंसं वाटतं. तिच्या यादीत त्या वेळी बिस्किटं होती. त्यांच्यापुढे तिने प्रश्नचिन्ह काढलं होतं, जणू ती कुठून आली तिलाच कळत नव्हतं. दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाला रात्री दुसरी प्लेट नको असं वाटणं कठीणच आहे. यात इच्छाशक्तीचा काही संबंध नाही. हे मी तिला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते तिच्या कानात शिरलं नव्हतं.

व्हिनेगरमुळे भाताने साखर कमी वाढते, हेही तुमच्या वाचनात आलं असेल. त्यात तथ्य आहे, जेवणासोबतच्या आंबटामुळे साखर चढण्याचा वेग काहीसा कमी होतो. पण वेग कमी झाला म्हणून अडीच वाट्यांची दीड वाटी होत नाही.

मग मागवायचं काय? मासे खात असाल तर साशिमी उत्तम, १०० ग्रॅम सामन माशात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि भाताची भानगड नाही. सुशीच हवी तर पाच-सहा निगिरी घ्या, किंवा काकडीचा साधा बारीक रोल, ज्याला काप्पा माकी म्हणतात. आधी एक वाटी एदामामे मागवा. हे कोवळे सोयाबीन असतात, वाफवून, सालासकट. दाणे सोलत खायला वेळ लागतो आणि १०० ग्रॅम दाण्यांत ११-१२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. शाकाहारी माणसासाठी जपानी हॉटेलात याहून चांगली सोय नाही. टोफू चालेल. मेनूत "क्रंची", "टेम्पुरा", "स्पायसी मेयो", "क्रीम चीज", "ड्रॅगन" असे शब्द दिसले की ती प्लेट चौघांत एक. ब्राऊन राइसची सुशी मिळते, तिच्यात चोथा थोडा जास्त असतो, कॅलरी जवळजवळ तेवढ्याच.

रक्तदाब असेल तर सोया सॉसची ती छोटी वाटी आधी बाजूला सरकवा. एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम. भातात मीठ आहेच, मिसो सूपच्या वाटीत एक-दीड ग्रॅम मीठ आणखी. दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर किलोभर जास्त दिसलं तर ते बहुतांशी मिठामुळे अंगात थांबलेलं पाणी असतं, घाबरू नका. निगिरी उलटी करून फक्त मासा सॉसला टेकवायचा, भात बुडवायचा नाही. भात स्पंजासारखा सॉस शोषतो.

आणि ज्या बाळासाठी हे सगळं चाललं होतं, त्या संदर्भात एक सूचना. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर कच्चा मासा नको. लिस्टेरियासारख्या जंतूंचा धोका असतो, आणि ट्यूनासारख्या मोठ्या माशांत पारा साठतो. शिजवलेली कोळंबी, काकडी, ॲव्होकॅडो चालेल. केमोथेरपी चालू असणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले आणि खूप वयस्कर यांनाही हाच नियम. कच्च्या समुद्री माशात अनिसाकिस नावाचे कृमी असू शकतात, ते मारण्यासाठी मासा उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस गोठवावा लागतो. घरच्या फ्रीजरचा यासाठी भरवसा धरू नका. बाजारातला ताजा फडफडीत सुरमई आणून व्हिडिओ बघत घरी सुशी करायचा बेत असेल, तर कृपा करून तो तव्यावर टाका. शाकाहारी मंडळी विचारतात, नोरीत बी-१२ असतं ना? थोडं असतं, पण त्याच्या भरवशावर गोळी बंद करू नका.

आता "जपानी लोक सडपातळ" या मुद्द्याकडे येते. माझ्या ओळखीचे एक निवृत्त काका-काकू मुलाकडे तोक्योतल्या निशी-कासाईला तीन महिने राहून आले. त्या भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्यात बरीच मराठी घरं. दोघांचं अडीच-तीन किलो वजन उतरलं आणि काकांनी सोसायटीत जाहीर केलं की हे सुशीने झालं. मी विचारलं, किती वेळा खाल्लीत? काकू म्हणाल्या, "तीन महिन्यांत चारदा. ह्यांनी तर दोनदा बाहेर आल्यावर दाण्याचा लाडू खाल्ला." मग बाकीचं निघालं. स्टेशनापर्यंत रोज चालत, जिने, घरात फरसाणाचा डबा नाही, ताटाऐवजी लहान लहान वाट्या, आणि नातवाला घेऊन संध्याकाळी बागेत दीड तास.

जपानमध्येही सुशी रोज खायची वस्तू नाही. रोजचं पारंपरिक जेवण म्हणजे भाताची एक लहान वाटी, एक सूप आणि भाजी-मासा-टोफूचे तीन छोटे पदार्थ. सरकारही लक्ष ठेवून आहे. २००८पासून तिथे ४० ते ७४ वयाच्या लोकांची पोटाचा घेर मोजण्यासह तपासणी होते, पुरुषांना ८५ सेंटिमीटर आणि बायकांना ९०च्या पुढे गेलात की सल्ला घ्यावा लागतो. सुशी बाहेर खायची तर अनेकजण फिरत्या पट्ट्याच्या हॉटेलात जातात, १९५८मध्ये ओसाकात योशिआकी शिराइशी यांनी हे पहिल्यांदा सुरू केलं. पट्ट्यावरून छोट्या बशा येतात, बशीत बहुधा दोन तुकडे. रिकाम्या बशा समोर रचून ठेवायच्या, त्या मोजून बिल होतं. आपण किती खाल्लं ते डोळ्यांसमोर दिसत राहतं. घरपोच आलेल्या काळ्या डब्यात ही सोय नाही. म्हणून आधीच बशीत अर्धे तुकडे काढा आणि डबा बंद करून स्वयंपाकघरात ठेवून या.

माशातलं ओमेगा-३ हवं म्हणून कोणी सुशी खात असेल, तर आपला बांगडा आणि तारली त्यात कुठेही कमी नाहीत, आणि खिशालाही परवडतात. कमी तेलात, उडदामेथीत किंवा तिखल्यात.

त्या मुलीला मी सुशी बंद करायला सांगितलं नाही. त्या तीन रात्री टीमबरोबर जेवणं तिला हवं होतं, आणि सगळे हसत-खेळत जेवताना एकटीने मोड आलेल्या मटकीचा डबा उघडून बसणं कोणाला फार दिवस जमत नाही. आम्ही बदललं ते एवढंच: दुपारी पोळी, भाजी आणि वाटीभर उसळ रोज. घरी थोडा भातही. सुशी आठवड्यातून एकदा, एक साधा रोल, आधी एदामामे. जेवणानंतर वीस मिनिटं चालणं. पावडर मागवलीच नाही. चार महिन्यांत तिचं वजन साडेतीन किलो उतरलं, म्हणजे तिच्या वजनाच्या पाच टक्के. पीसीओडीत एवढ्यानेही पाळी सुधारू शकते, तिची गेल्या दोन वेळा पस्तीस दिवसांच्या आत आली. बाळाचं अजून काही नाही. उपचार चालू आहेत.

शेवटी मधुमेहाच्या पेशंटसाठी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल, तर रात्रीच्या सुशीसाठी दुपारचं जेवण टाळू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते. हात थरथरले, घाम फुटला, डोकं हलकं वाटलं, तर आधी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा, आणि मग आपल्या डॉक्टरांना फोन करा.