अर्ध्या गुणाची गोष्ट

आम्ही दोघे मराठी शिकवतो. परराष्ट्रनीती हा आमचा प्रांत नव्हे. तरी २०२२ च्या पावसाळ्यात एक परका कायदा अनुवादाच्या निमित्ताने आमच्या टेबलावर आला. जागतिक आरोग्य संघटनेतील निरीक्षकाचा दर्जा तैवानला परत मिळावा, यासाठी परराष्ट्रमंत्र्यांनी धोरण आखावे, असा तो अमेरिकी कायदा. त्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी त्याच वर्षी १३ मे रोजी झाली होती. मजकूर आटोपशीर, म्हणून निवडला. (प्राध्यापकी हिशेब, दुसरे काय!)

अडलो ते 'परत' या शब्दापाशी. १९७१ साली संयुक्त राष्ट्रांनी चीनचे आसन बीजिंगला दिले आणि पुढच्याच वर्षी आरोग्य संघटनेने तो कित्ता गिरवला. नंतर २००९ ते २०१६ या काळात तैवानला 'चायनीज तैपेई' या नावाने आरोग्य सभेचे बोलावणे येई. २०१६ मध्ये त्साई इंग-वेन राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि २०१७ पासून ते थांबले. निरीक्षकाला मताधिकार नसतो. म्हणजे मागणी होती ती मागच्या रांगेतल्या खुर्चीची.

त्या खुर्चीचे मोल कळण्यासाठी २००३ चा सार्स आठवावा. २४ एप्रिलला तैपेईतले होपिंग रुग्णालय आतल्या रुग्णांसह, परिचारिकांसह बंद करण्यात आले. होपिंग म्हणजे शांतता! संघटनेचे तज्ज्ञ तैवानात उतरले ते मे महिन्यात, १९७२ नंतर प्रथमच. पुढे मार्च २०२० मध्ये हाँगकाँगच्या एका वार्ताहर बाईंनी तैवानच्या सदस्यत्वाविषयी विचारले, तेव्हा संघटनेचे ब्रूस एलवर्ड 'प्रश्न ऐकू आला नाही' म्हणाले. ती चित्रफीत आम्ही टाळेबंदीत पाहिली होती. हसलोही होतो, आता त्या हसण्याची लाज वाटते.

अमेरिकेच्या कळवळ्यावर मात्र आमचा फारसा विश्वास नाही. असाच एक कायदा तिने २००४ मध्येही केला होता. एका देशाचा कायदा आरोग्य सभेला बांधील करू शकत नाही, हे करणाऱ्यांनाही ठाऊक असते. आणि २० जानेवारी २०२५ रोजी त्याच देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला. ज्याने शेजाऱ्यासाठी पंगतीत पान मागावे, तोच ताटावरून उठला!

पण म्हणून मागणी खोटी ठरते काय? १८९७ मध्ये मुंबईच्या प्लेगमुळे धास्तावलेल्या राष्ट्रांनी व्हेनिसला परिषद भरवली. तिथे हिंदुस्थानच्या वतीने बोलणारे साहेबच होते. मरणारे एकीकडे आणि त्यांच्या वतीने बोलणारे दुसरीकडे, हा प्रकार निदान आम्हांला तरी अपरिचित वाटू नये.

असो. परीक्षेत एका विद्यार्थिनीने 'तैवान हा देश' असे लिहिले. मुळात नुसते 'तैवान' होते. पदरचा शब्द घातला म्हणून आम्ही अर्धा गुण कापला. गठ्ठा बांधताना आमच्यापैकी एकाचे लक्ष आमच्याच आदर्श उत्तराकडे गेले. तिथे 'तैवान हा प्रदेश' असे होते. तोही शब्द मुळात नव्हता. आम्ही बराच वेळ वाद घातला. तोवर शिपाई गठ्ठे न्यायला आला. अर्धा गुण कापलेलाच राहिला.