उरलेली कळ

‘पिशवी काढली, आता सुटलीस,’ असे घरच्या बायका म्हणाल्या. वर्षभरातच ओटीपोटात तीच ओळखीची कळ उठली. डॉक्टरांनी विचारले, ‘आता दुखायला उरलेय काय?’ उरले होते एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती आतड्यावर, उदरपोकळीच्या आवरणावर रुजते. गर्भाशय गेले तरी ती मागे राहू शकते, आणि अंडाशये शाबूत असल्यास त्यांचे इस्ट्रोजेन तिला पोसत राहते. हिलरी मँटेल या ब्रिटिश कादंबरीकर्तीने २००३ च्या आत्मकथनात हेच भोगणे मांडले आहे : २७ व्या वर्षी शस्त्रक्रिया, तरीही दुखणे परतलेले. वाचताना वाटले, कोणीतरी साक्ष दिली. कळ, ठणका, शूल हे शब्द मराठीत आहेतच. ‘पिशवी काढली’ म्हटल्यावर मात्र ते कोणी ऐकून घेत नाही. म्हणून हे लिहिणे.