शब्दांची सोबत

सुप्याच्या एमआयडीसीत कामाला लागलेली मुलं माझ्याकडं इंग्रजीसाठी येतात, तेव्हा बहुतेकांच्या मोबाइलमध्ये अवघड शब्दांची एखादी लांबलचक पीडीएफ असतेच. डावीकडं शब्द, उजवीकडं मराठी अर्थ. सुरुवातीची पानं तोंडपाठ. पण साहेबाला मेल लिहायची वेळ आली की बोटं थबकतात. ती यादी मी आधी बंद करायला लावतो.

'मिटिगेट' म्हणजे कमी करणे, एवढंच पाठ केलेला मुलगा किंमतसुद्धा 'मिटिगेट' करून मोकळा होतो. हा शब्द धोका, नुकसान, दुष्परिणाम यांच्या जोडीनं येतो. किंमत 'रिड्यूस' होते, वेदना 'अलिव्हिएट' होतात. कोणाचं कोणाशी जमतं हे कळल्याशिवाय शब्द आपला झाला असं मी मानत नाही. म्हणूनच १९८७ सालचा कोबिल्ड शब्दकोश मला फार प्रिय आहे. प्रत्यक्ष वापरातला प्रचंड मजकूर संगणकावर तपासून तो रचला आणि त्यात अर्थसुद्धा पूर्ण वाक्यांत दिले.

या मुलांकडं मुळात शब्द कमी नसतात. क्वालिटी विभागातल्या मुलाला 'टॉलरन्स' पक्का ठाऊक असतो: ड्रॉइंगवरच्या मापात किती कमी-जास्त चालेल ते. मेंटेनन्सवाल्याला 'फटीग' माहीत असतो, वारंवार ताण बसून धातूला तडा जातो तो. मग मी नेहरूंचं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' काढतो. १९४४च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत, इथून जवळच नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेलं. त्यात श्रद्धा आणि चालीरीतींबाबतचा 'टॉलरन्स' भेटतो, तेव्हा मुलगा पानावरून मान वर काढतो. मापातला फरक चालवून घेणं आणि माणसांमधला फरक चालवून घेणं त्याच्या डोक्यात एका जागी येतं. असा शब्द पुन्हा पाठ करावा लागत नाही. शिवाय नेहरूंची वाक्यं लांब असली तरी शब्द बहुतेक साधेच, हेही मुलांनी पाहावं असं मला मनापासून वाटतं.

वाचनाला पर्याय नाही, याला हिशोबाचाही आधार आहे. पॉल नेशन या भाषातज्ज्ञाच्या अंदाजानं शब्दकोशाशिवाय इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात; एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुटुंब. एवढी घोकून कोण पाठ करणार? घोकायचंच असेल तर ॲव्हरिल कॉक्सहेडची २००० सालची अभ्यासविषयक यादी घ्यावी. त्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत आणि ती कुठल्याही विषयाच्या पुस्तकात पुन्हापुन्हा भेटतात.

उजळणीसाठी लग्नपत्रिका. आमच्याकडं त्यांना तोटा नाही, आणि जाड कागदाची मागची बाजू बऱ्याचदा कोरी असते. तिचे पत्त्याएवढे तुकडे करायचे. एका तुकड्यावर वाचनात आलेलं अख्खं वाक्य, शब्दाच्या जागी रेघ. खाली कोपऱ्यात उलटा लिहिलेला शब्द. बुटांच्या खोक्यात कप्पे करायचे. आठवला तर पत्ता पुढच्या कप्प्यात, अडला तर पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, शेवटचा महिन्यातून एकदा. जर्मनीच्या सेबास्टियान लाइटनरनं १९७०च्या दशकात सांगितलेली ही रीत रात्रपाळीच्या मुलांना विशेष सोयीची पडते. चहाच्या सुट्टीत खिशातले दहा पत्ते होतात.

शेवटच्या कप्प्यातून बाहेर पडलेला शब्द त्या आठवड्यात कुठंतरी वापरायचाच, एवढा माझा आग्रह असतो. शिफ्टच्या अहवालात चालेल, सुट्टीच्या अर्जातही चालेल. लिहिलेलं रविवारी माझ्याकडं आणायचं. त्यात मी आधी शब्दाचा शेजार तपासतो, स्पेलिंग नंतर.