कांदेनवमीला लीक

पाली मार्केटमध्ये ब्रोकोली आणि झुकिनीच्या शेजारी लीकच्या जुड्या मी कितीतरी वर्षं बघत होते, आणि बघून सोडून देत होते. आम्ही वांद्रे पूर्वचे. रोजची भाजी स्टेशनबाहेरची. पश्चिमेला काही काम निघालं तरच पाली मार्केटची फेरी. लीक म्हणजे बटाटा आणि क्रीम घातलेलं सूप, अशी माझी ठाम समजूत होती.

सासऱ्यांच्या हृदयाची झडप बदलली आणि घरातलं तेल-मीठ आटलं. रविवारचं मटण त्यांनी आपणहून सोडलं. चव कुठून आणायची, एवढाच प्रश्न उरला. त्या आषाढात कांदेनवमीच्या खरेदीत मी लीक घेतलाच. सासूबाई चातुर्मास पाळतात, त्यामुळे आदल्या दिवसांत घरात कांद्याचं सगळं होतं: भजी, थालीपीठ, पीठ पेरून पात. जुडी हातात घेऊन त्यांनी वास घेतला आणि निकाल दिला, "हा कांद्याच्याच घरातला. एकादशीपासून बंद." वनस्पतिशास्त्रही त्यांच्याच बाजूचं आहे.

लीकचा पांढरा दांडा लांब व्हावा म्हणून शेतात बुंध्याशी माती चढवत जातात. ती पापुद्र्यांत शिरते. वरून धुऊन काही होत नाही. दांडा उभा चिरायचा, चकत्या करून पातेलंभर पाण्यात खळबळायच्या आणि हातानेच वर काढायच्या. पाणी ओतायला गेलात तर तळाची माती परत भाजीत.

भाजी अगदी पातीच्या कांद्यासारखीच केली. चमचाभर तेलात मोहरी, हिंग, हळद, त्यावर लीक, जरासं मीठ. झाकणावर पाणी ठेवून मंद आच. इथे घाई चालत नाही. कांदा आपण तांबूस करतो, लीक तसा केला की कडसर लागतो. तो लोण्यासारखा मऊ झाला की लाल तिखट आणि कोरडं भाजलेलं बेसन पेरायचं, एक वाफ, बस. गोडसर चव येते, मीठ कमी पडलेलं कळतही नाही. सासऱ्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. वरची हिरवी पात चिवट असते म्हणून लोक टाकून देतात. मी ती बारीक चिरून भाजणीत घातली. एवढे पैसे मोजल्यावर टाकायची कशी? थालीपीठ भाजीपेक्षाही सरस झालं, हे माझं मत. क्रीमच्या सुपाची मला तरी आठवण झाली नाही.

पांढऱ्या भागात कांद्यासारखेच फ्रुक्टन असतात. कांद्याने ज्यांना गॅस होतो, त्यांना यानेही होईल.

पण एका बाबतीत लीक कांद्यासारखा नाही, आणि ते मला सासऱ्यांच्या डॉक्टरांकडून कळलं. सासरे रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून वॉरफरिन घेतात. के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं. 100 ग्रॅम कच्च्या कांद्यात ते अर्धा मायक्रोग्रॅमही नसतं. लीकमध्ये सुमारे 47 मायक्रोग्रॅम. पालकाच्या मानाने हे थोडंच, पण महिनाभर काही नाही आणि मग आठवडाभर रोज, असं नको, असं त्यांनी बजावलं. बंद करायला मात्र सांगितलं नाही. घरात कोणी ही गोळी घेत असेल, तर लीक काय किंवा मेथी-पालक काय, प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवा, आणि आहार बदललात तर पुढच्या आयएनआर तपासणीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घाला.