फर्माईश

रसिक हा प्राणी मोठा चमत्कारिक आहे. आवडत्या कलावंताने काळाबरोबर पुढे जावे, असे तो चारचौघांत म्हणतो. पण कलावंत खरोखरच पुढे गेला, की पहिला रुसतो तोच!

वाशीला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांचे असेच झाले. १९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' हा बँड निघाला, तेव्हा काका कॉलेजात होते. त्या काळी श्रोते परदेशी गाण्यांचीच फर्माईश करीत. या मुलांनी ती किती दिवस पुरवायची? १९८८ साली त्यांनी 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा आल्बम काढला. १९९३ साली 'इंडस क्रीड' असे नवे नाव घेतले आणि १९९७ साली मंडळी पांगली. पुढे २०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बलापोरिया दोन नव्या साथीदारांसह पुन्हा एकत्र आले. २०१२ साली, आधीच्या आल्बमनंतर सतरा वर्षांनी, त्यांचा 'इव्हॉल्व्ह' प्रसिद्ध झाला.

काका तो डोळे मिटून, भक्तिभावाने ऐकू लागले. अर्ध्यावर त्यांनी डोळे उघडले.

"हे ते नव्हेत," ते म्हणाले.

चाली गुंतागुंतीच्या, एकदा ऐकताच ओठांवर बसावे असे ध्रुवपद सापडेना. त्यांचा मुलगा मात्र रंगून गेला होता.

"बाबा, मला आवडलं."

"तू पूर्वीचं कुठे ऐकलंयस?"

"म्हणूनच आवडलं असेल!"

पोरगा सहज बोलून गेला, पण मर्मावर बोट ठेवून गेला. काकांना आपली विशी परत हवी होती, आणि ती कोणत्याच आल्बममध्ये मिळत नसते. १५ डिसेंबर २०१९ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 'यू टू' या आयरिश बँडने आपला १९८७ सालचा 'द जोशुआ ट्री' अथपासून इतिपर्यंत वाजवला. काका तृप्त होऊन परतले. आपल्याकडे बालगंधर्वांच्या उतारवयातही प्रेक्षक त्यांच्या जुन्या पदांसाठी गर्दी करीतच. पण ज्या बँडचा पहिला पराक्रमच फर्माईश नाकारण्याचा, त्याच्याकडे पुन्हा फर्माईश घेऊन जायचे, याला काय म्हणावे?

मीही कादंबऱ्या लिहितो. "मास्तर, तुमच्या पहिल्या कादंबरीसारखी पुन्हा लिहा हो," असे सांगणारा वाचक वर्षातून एकदा तरी भेटतो. ती लिहिली तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, वडील हयात होते, आणि रात्री जागलो तर सकाळी शाळेत डोळे चुरचुरत नसत. आता ते सारे मी कोठून आणू? त्या वाचकाला असे सुनवावे, हे जिभेवर येते. पण मी गप्प बसतो. ती कादंबरी त्याने वाचली, तेव्हा त्याचेही कोणीतरी हयात असेल.