कोऱ्या पानाचें बक्षीस

वैशाख महिन्यांत आमच्या वीरच्या घरीं माणसांस तोटा नसतो. पोटामागें मुंबई-पुण्यास गेलेलीं भावंडें मुलांबाळांसह येतात. १९९३ सालीं रोह्यापासून वीरपर्यंत कोंकण रेल्वे सुरू झाली, तेव्हांपासून हें येणें-जाणें पुष्कळच सोपें झालें. घरामागचीं भाताचीं खाचरें त्या दिवसांत कोरडीं पडलेलीं असतात. दोहों टोकांस दोन दोन काठ्या रोवल्या कीं मुलांचें फुटबॉलचें मैदान तयार! त्यांतील एका टोकास आमच्या पुतण्याचा धाकटा मुलगा उभा असतो. तो यंदां आठवी इयत्तेंत आहे, आणि शाळेच्या संघांत तो गोलरक्षक आहे. त्याच्या बाबतींत आमच्या हातून जो एक अन्याय घडला, तो वाचकांस सांगावा असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

गेल्या हिवाळ्यांत तालुक्याच्या सामन्यांत त्याची शाळा एका गोलानें हरली. तो घरीं परतला तेव्हां आम्ही सारे वडील मंडळी ओटीवर सुपारी कातरीत बसलों होतों. आम्हीं विचारलें, "काय रे, किती गोल घेतलेस?" तो म्हणाला, "एक." त्यावर आम्ही बोलून गेलों, "म्हणजे तुझ्याच हातून सामना गेला म्हणावयाचा!" सगळे हंसले. तो मात्र हंसला नाहीं. त्यानें हातमोजे माळ्यावर टाकले आणि पुढें पंधरा दिवस तो खेळावयास गेला नाहीं.

रात्रीं पानें वाढतां वाढतां आमच्या थोरल्या वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भावजी, गेलेला एक तुम्हीं विचारलात. अडविलेले किती, तें विचारलेंत काय?"

घांस हातांतच राहिला. दुसऱ्या दिवशीं त्याच्या सोबत्याकडे चौकशी केली, तों कळलें कीं, पोरानें आठ वेळां चेंडू अडविला होता. त्यांतून दोनदां तर जमिनीवर लोळण घेऊन.

आमचा स्वभाव थोडा पुस्तकी. मनास टोंचणी लागली कीं वाचावयास बसावें, ही जुनी संवय. जग आपल्या गोलरक्षकांस कसें वागवितें, हें पाहूं लागलों. विलायतेच्या प्रीमियर लीगमध्यें २००४-०५ पासून 'सोनेरी हातमोजा' नांवाचें बक्षीस देतात. ज्या सामन्यांत प्रतिपक्षाचा एकही गोल झाला नाहीं, त्या सामन्याचें पान कोरें राहिलें असें समजावयाचें, आणि ज्याचीं कोरीं पानें सर्वांत अधिक, त्याचा गौरव करावयाचा. पहिल्याच वर्षीं तें बक्षीस चेल्सीच्या पेत्र चेकनें पटकाविलें. त्या एका हंगामांत त्यानें चोवीस सामन्यांचीं पानें कोरीं ठेविलीं. २०२४-२५ मध्यें दोघांचीं तेरा तेरा कोरीं पानें झालीं, म्हणून मान दोघांस वांटून देण्यांत आला. स्पेनमध्यें रिकार्दो झामोरा या जुन्या गोलरक्षकाच्या नांवें करंडक आहे. तेथें कोरीं पानें न मोजतां, दर सामन्यास सरासरी कमींत कमी गोल कोणी घेतले, हें पाहतात. आपल्याकडेही इंडियन सुपर लीगमध्यें २०१४ पासून असा मान आहे. २०२३-२४ मध्यें तो मुंबईच्या संघाकडून खेळणाऱ्या फुर्बा लाचेन्पा यांस मिळाला.

परंतु आमचें मन खरें रमलें तें आमच्या गांवावरून जाणारी आगगाडी जेथें पोंचते, त्या गोमंतकांत. ब्रह्मानंद संखवाळकर हे साळगांवकर क्लबचे आणि पुढें भारताचेही गोलरक्षक. १९८३-८४ सालीं गोव्याच्या संघानें सबंध स्पर्धेंत एकही गोल न घेतां संतोष करंडक जिंकला, तेव्हां जाळ्यापुढें हेच उभे होते. त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ सालीं, आणि पद्मश्री २०२२ सालीं. गोल करणाराचा जयजयकार त्याच क्षणीं होतो; गोल होऊं न देणाराची आठवण जगास सावकाश होते.

तेव्हां कोरें पान मोजण्याची ही रीत आम्हांस मोठी शहाणपणाची वाटली. जें घडलें नाहीं त्याचाही हिशेब ठेवावा, हें सुचावयास दृष्टि लागते. तथापि अधिक विचार करतां त्यांतही एक उणीव दिसली. बळकट संघाच्या गोलरक्षकाकडे चेंडू क्वचितच पोंचतो. त्याच्या पुढचे गडीच त्याचें पान कोरें राखतात. उलट दुबळ्या संघाचा रक्षक आठ वेळां अडवून नवव्या वेळीं चुकला, कीं त्याचें पान मळलें. आमच्या पोरास हें बक्षीसही मिळालें नसतें!

आणि मग जें कधीं ध्यानांत आलें नव्हतें तें आलें. वहिनींस या घरांत येऊन चाळीस वर्षें झालीं. एका श्रावणी सोमवारीं त्यांच्या हातून आमटींत मीठ दोनदां पडलें. त्यास वीस वर्षें लोटलीं. पण अजून पंगत बसली कीं कोणी ना कोणी त्याची आठवण काढतो, आणि आम्ही हंसतों. मात्र २०२१ च्या जुलै महिन्यांत पाऊस थांबेना, तेव्हां याच वहिनींनीं महाडास चुलत भावाच्या घरीं तळमजल्यावर ठेवलेले आमच्या जमिनीचे कागद हट्टानें माडीवर नेवविले. आम्ही त्यांस भित्र्या म्हटलें. २२ तारखेस सावित्रीचें पाणी महाडांत शिरलें आणि तो तळमजला बुडाला. कागद कोरडे राहिले. कोरडेच राहिल्यामुळें त्यांविषयीं कोणी चकार शब्द काढला नाहीं. बुडाले असते तर पिढ्यान् पिढ्या बोललों असतों!

मुलाची समजूत आम्हीं घातली. खरें सांगावयाचें तर समजूत नव्हे, त्याची क्षमा मागितली. वडील माणसानें आठवीच्या मुलाची क्षमा मागणें आमच्या घरांत नवें होतें. तोच अधिक लाजला. पण माळ्यावरचे हातमोजे खालीं आले.

परवां खाचरांत सामना झाला. मुंबईचीं मुलें थोराड; आमच्या पोराच्या बाजूचे पांच गोलांनीं हरले. तो धुळीनें माखून ओटीवर आला. या वेळीं आम्हीं विचारलें, "किती अडविलेस?" त्यानें बोटांवर मोजलें आणि म्हणाला, "अकरा." मग थोडें थांबून आपण होऊन म्हणाला, "पांचांतला एक मात्र माझ्या चुकीनें गेला, आजोबा." अडविलेल्यांची मोजदाद होऊं लागली, तसें गेलेल्याविषयीं खरें बोलणेंही त्यास सोपें झालें असावें.

त्या रात्रीं पानावर बसतांना आम्ही वहिनींस म्हणालों, "वहिनी, आज दिवसभरांत तुम्हीं किती अडविलेंत?" त्यांनीं क्षणभर आमच्याकडे पाहिलें, मग त्या म्हणाल्या, "भात निवतो आहे, भावजी. जेवा आधीं."

आमटींत मीठ बेतशीर होतें. तें तसें आहे, असें आम्हीं त्या दिवशीं प्रथमच मोठ्यानें बोलून दाखविलें.