उतरणे आणि ‘गेट डाऊन’

इंग्रजीच्या अध्यापनात आमची उमेदीची वर्षे गेली, आणि त्यांतील बराच काळ लाल शाईने ‘डाऊन’ खोडून त्याजागी ‘ऑफ’ लिहिण्यात गेला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ‘आय गॉट डाऊन फ्रॉम द ट्रेन’ हे वाक्य दरवर्षी कोणत्या ना कोणत्या वहीत भेटतेच. आगगाडीतून किंवा बसमधून उतरायचे तर ‘गेट ऑफ’, मोटारीतून ‘गेट आउट’ आणि झाडावरून वा शिडीवरून ‘गेट डाऊन’, हा नियम आम्ही इतक्या वेळा सांगितला आहे की तो कुणी विचारण्याआधीच आमच्या तोंडून बाहेर पडतो.

तो असाच एकदा नेरळ स्थानकावर बाहेर पडला. विद्यार्थ्यांची सहल माथेरानला निघाली होती. १९०७ साली सुरू झालेली ती दोन फुटी रुळांची गाडी सुटण्याच्या बेतात असताना एका विद्यार्थिनीने धीर करून इंग्रजीत विचारले, “सर, व्हेअर डू वी गेट डाऊन?” आम्ही म्हणालो, “आधी झाडावर चढ, मग सांगतो.” सारा डबा हसला. तीही हसली. मात्र त्यानंतर परतेपर्यंत ती आमच्याशी इंग्रजीत एक शब्दही बोलली नाही.

तिचे ‘डाऊन’ कुठून आले होते, हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. ते ‘उतरणे’ या क्रियापदातून आले होते. मराठीत गाडीतून उतरतात, घाट उतरतात आणि पाहुणे नातेवाइकांकडे उतरतात. ताप उतरतो, नशा उतरते, चेहरा उतरतो. माणूस मनातून उतरतो आणि एखादी ओळ मनात उतरते. प्रत्ययागणिक अर्थ पार उलटतो. एवढ्या संसारासाठी इंग्रजीला निरनिराळी क्रियापदे आणि त्यांना जोडलेली अव्यये लागतात. ‘गेट डाऊन’चाही स्वतःचा संसार आहेच. एखादी गोष्ट माणसाला ‘गेट डाऊन’ करते तेव्हा तो खचतो, आणि कामाला ‘गेट डाऊन’ झाला की तो नेटाने लागतो. इंग्लंडमधले मूल जेवण संपल्यावर टेबलावरून उठण्याची परवानगी मागते तीही ‘मे आय गेट डाऊन?’ अशीच. माथेरानच्या घोड्यावरून तर ‘ऑफ’ आणि ‘डाऊन’ दोन्ही चालतात. म्हणजे चूक होती ती केवळ वाहनापुरती.

पुढे काही वर्षांनी आम्ही आईला घेऊन माथेरानला गेलो. दस्तुरीला मोटार थांबली. तिथून पुढे मोटारींना बंदी असल्याने गाडीतून उतरायचे आणि मग चढायचे, असा त्या गावाचा शिरस्ता. आईचे गुडघे दुखरे, म्हणून हातरिक्षा ठरवली. पुढे एक जण ओढणारा, मागे ढकलणारे. तांबड्या मातीचा चढ लागला तसा ओढणाऱ्याचा श्वास आम्हांलाही ऐकू येऊ लागला.

“थांबा हो. मला उतरू द्या,” आई म्हणाली.

“बसा आजी, एवढं काही नाही.”

“आई, पैसे ठरलेत. बसून राहा,” आम्ही म्हणालो.

“पैसे तू देशील रे. दम त्याचा जातोय.”

ती उतरली आणि रिक्षाच्या दांडीला धरून चढ संपेपर्यंत त्याच्या बरोबरीने चालली. त्याने हळूच आम्हांला विचारले, “साहेब, भाडं पूर्णच ना?” आम्ही काही बोलण्याआधी आईच म्हणाली, “पूर्णच.”

त्या रात्री मनात पुन्हा तेच अव्यय घोळत राहिले. ‘ऑफ’ एवढेच सांगते की वाहन सुटले. ‘डाऊन’ पुढचेही सांगते: माणूस जमिनीवर आला, जिथे दुसरा कुणी आधीपासून उभा आहे. आईने जे केले त्याला आमचा नियम अपुरा पडत होता. अर्थात तिच्या उतरण्याने त्या माणसाचे ओझे एका चढापुरते हलके झाले, आणि त्या हलकेपणानेही त्याला भाड्याची धास्ती घातली, हेही विसरता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षाचालकांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला, तेव्हा आम्हांला त्याचा तो हळू आवाजातला प्रश्न आठवला.

वहीतले ‘डाऊन’ आम्ही आजही दुरुस्त करतो. परीक्षकाला आमच्या आईची गोष्ट ठाऊक नसते. फक्त आता लाल शाईऐवजी पेन्सिल वापरतो आणि ते कुठून आले असावे, हेही वर्गात सांगतो.

त्या मुलीचे देणे मात्र राहिलेच. कुठे उतरायचे, एवढेच तिने विचारले होते. शेवटच्या स्थानकावर, असे साधे उत्तर होते. ते आम्ही तिला दिलेच नाही.